रवानगी माळ्यावर

ओट्यावर विनाकारण काही पडून राहायचं नाही, हा सुनेचा नियम. प्रयोगशाळेतल्यासारखी तिनं प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी लावली होती. सात दिवस हात लागला नाही, की रवानगी माळ्यावर. मिक्सर गेला, विजेची शेगडी गेली, बरण्या गेल्या. पोळ्या लाटणं सोडल्यावर अप्पांच्या बायकोलाही तिनं माळ्यावर बसवलं.

आज ओट्याला टेकून चहा पिताना अप्पांना स्वतःच्या बाहीवर चिठ्ठी दिसली. तारीख सात दिवसांपूर्वीची! त्यांनी घाईघाईनं कोथिंबीर निवडायला घेतली.

"अप्पा, ती कालच निवडून झाली," सून शिडी उघडत म्हणाली. "सावकाश चढा हं."

लटपटत अप्पा वर पोचले. माळ्यावर मिक्सर घरघरत होता, बरण्या उघड्या होत्या आणि पसाऱ्याच्या मधोमध बायको शेगडीवर थालीपीठ लावत होती.

"आलात एकदाचे! हा नारळ खवा. मला दोनच हात आहेत."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. ते खवायला बसले. तेवढ्यात खालच्या लखलखीत ओट्याजवळून सुनेचा आवाज आला, "आई, एक थालीपीठ खाली द्या ना."

"नको गं, तुझ्या ओट्यावर पसारा होईल. तूच वर ये."