झोपेचा मुहूर्त

लेकीच्या हृदयात छिद्र असावं, असा संशय होता. इको तपासणीसाठी ती झोपलेली हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथे पोचताच झोपावी म्हणून आमगावपासून गाडीत टाळ्या वाजवून मी तिला जागं ठेवलं. दवाखान्यात ती खांद्यावर झोपली, आमचा नंबर लागला आणि अंगणात ढोल सुरू झाला. हाडांच्या आणि हृदयाच्या नव्या विभागांचं उद्घाटन होतं. लेक दचकून उठली आणि रडू लागली. मी जाऊन ढोलावर हातच ठेवला. "भाऊ, पोरीला झोपू द्या, हृदय तपासायचं आहे." "सायेब येऊन राहिले, बाई. थांबवू कसा?" तरी तो थांबला, पण माईक सुरू झाला. "रडत्या मुलीचा इको होत नाही," घड्याळ बघत डॉक्टर म्हणाले. "नागपूरला न्या." बाहेर साहेब सांगत होते, "आता कुणालाही नागपूरला जावं लागणार नाही." टाळ्या कडाडल्या. लेकही रडता रडता टाळ्या वाजवू लागली.