नळाचं फडकं

आमच्या सिडकोत आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येतं. ते गाळायला आई नळाला फडकं बांधायची. ती डावखुरी, त्यामुळं तिची गाठ उलटी पडायची.

तिच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा पाणी आलं, तर फडकं आधीच बांधलेलं होतं. गाठ उलटी.

घरात आम्ही दोघंच. मी आणि आईनंच वाढवलेला माझा मावसभाऊ विश्वजीत.

"मावशीची नक्कल करतो व्हय रे?"

"नाय ताई. मला वाटलं, तूच बांधलं."

मी त्याला गाठ मारून दाखवायला लावली. सुलटी पडली. तरी माझा संशय जाईना. मी फडकं सोडून उजेडात धरलं. जांभळ्या काठाचं, नुकतंच फाडलेलं.

सरणावर न्यायच्या आधी हे पातळ मीच आईला नेसवलं होतं. तेव्हा ते अख्खं होतं.