चौथी डबी

आमच्या कॉलेजात प्राणीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माश्यांच्या दहा डब्या मांडायचे. आतली माशी कुठल्या कुळातली, ते ओळखायचं. आमच्या सगळ्यांकडं सीनियर पोरांकडून आलेली यादी होती. पहिल्या डबीत घरमाशीचं कुळ, चौथ्या डबीत गोमाशीचं, असं दहापर्यंत पाठ केलं की झालं. लोहाऱ्याहून रोज एसटीनं येणाऱ्या मैथिलीनं मात्र ती यादी घेतली नाही. ती वर्षभर भिंगाखाली पंखांच्या शिरा मोजत बसायची.

परीक्षेच्या सकाळी लॅबच्या दगडूमामांच्या हातून ट्रे पडला. हाताला लागेल ती माशी त्यांनी मिळेल त्या डबीत ठेवली आणि कुणाला काही बोलले नाहीत. चौथ्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढी फळमाशी आली. आम्ही एकतीस जणांनी तिच्याकडं बघत ‘गोमाशीचं कुळ’ लिहिलं.

आम्हाला दहापैकी दहा पडले. मैथिलीला दोन.

ती पेपर घेऊन तो तपासणाऱ्या हंगरगेकर सरांकडं गेली. “सर, चौथ्या डबीत गोमाशी नव्हतीच. तुम्ही एकदा भिंगातून बघा तरी.”

सर खुर्चीवरून हलले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून घडीवर फाटत आलेला एक कागद काढून तिच्यापुढं ठेवला. आमचीच यादी होती ती.

“आम्ही इथं शिकत होतो तेव्हापासून पोरं ह्याच्यावर पास होतायत,” सर म्हणाले. “तुला माशी बघायला कुणी सांगितलं होतं?”