मागे राहणाऱ्यांचा विषय

"हा विषय काढून टाक," विभागप्रमुख मुलीला म्हणाले.

क्रीडाशिक्षकांच्या पदवीचा नवा अभ्यासक्रम उद्या विद्यापीठात मंजुरीला जायचा होता. सर एका बोटाने टाइप करणारे, म्हणून बँकेतून आल्यावर मुलगीच मसुदा टाइप करत होती. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायलाही जागा उरली नव्हती.

मुलीने कागदावरचं वाचलं, "'खेळात मागे राहणाऱ्या मुलांना शिकवणं. साठ तास.' का काढायचा, बाबा?"

"अगं, नव्या मॅडमचं खूळ आहे ते. समितीत आम्ही पाच जण, त्यातल्या चौघांकडे राष्ट्रीय पदकं. सगळे हसले. मुळात अंगातच खेळ नाही, त्याला काय शिकवणार, कपाळ? तेवढ्या तासांत माझी भालाफेक होईल."

मुलीची बोटं थांबली. "तुम्ही आमच्या शाळेत सहा वर्षं पी.टी. घेतलीत. तुमच्या तासाला मी काय करायचे, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मैदानावरच असायचीस की!"

"हो, कडेला. सगळ्यांची घड्याळं नि चष्मे सांभाळत."

सर हसले. मग कोपरापर्यंत घड्याळं चढवून उन्हात उभी असलेली ती त्यांना दिसली. माझ्या पोरीकडे दिलेली वस्तू कधी हरवायची नाही, असं ते शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगत. खरंच, एकही हरवली नव्हती. पण ती पळताना कशी दिसायची, हे काही केल्या त्यांना आठवेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभरच्या पोरांना पळवलं आणि घरचीच राहिली. त्यांना फार वाईट वाटलं.

"राहू दे तो विषय," ते म्हणाले. "साठचे नव्वद कर. वरचे तीस भालाफेकीतून घे."

एवढं केल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला.

"पण खरं सांग, तुला तरी कुठे खेळायची आवड होती? कधी बोलली नाहीस ती."

मुलीने साठ खोडून नव्वद केले. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "सातवीत एकदा बोलले होते, बाबा. मलाही पळू द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, मग घड्याळं कोण सांभाळणार?"