कलमाचा चाकू

बाळांनो, समजा, तुम्ही दहा वर्षांची शेवंती आहात. तुमचे आजोबा आंब्याची कलमं बांधून विकतात. यंदा तुम्ही बांधलेल्या पन्नास कलमांपैकी सत्तेचाळीस जगली. चुलतभाऊ दिगूची निम्मी वाळली. आज आजोबा तुम्हा दोघांना घेऊन कलमं बांधायचा एक चाकू घ्यायला चाकूच्या दुकानात आले आहेत.

दिगूला कात्री आणि पेचकस जोडलेला चकचकीत चाकू हवा होता. शेवंतीने तो उघडून पातं हलवून पाहिलं. "हे डुगडुगतंय. काडी वाकडी कापली जाईल, मग कलम जुळणार नाही." तिने आणखी चार चाकू उघडून मिटले आणि लाकडी मुठीचा, मिटवून खिशात मावणारा एक निवडला.

"नजर बरीक चांगली आहे हो तुझी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तोच घेतला. चाकू हातातून हातात दिला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून त्यांनी तो फळीवर ठेवला. शेवंतीने हात पुढे केला.

"तू नको गं. दिगू, उचल."

"पण आजोबा, माझी कलमं जगली ना?"

"जगली. पण तू उद्या परक्या घरी जाणार. आणि चाकू ठेवशील कुठे? फ्रॉकला खिसा तरी आहे का तुझ्या?"

दुकानदार हसला. दिगूही हसला.

घरी आल्यावर शेवंतीने आईचा सुईदोरा घेतला आणि फ्रॉकला खिसा शिवला, बरोबर त्या लाकडी मुठीच्या चाकूएवढा.