तीन ठोके

झुलत्या पुलाच्या जाड तारेवर वरून तीन ठोके पडले. शिदूचा घास हातातच राहिला.

तीन ठोके म्हणजे, 'माझा दोर खाली पक्का बांधलास ना?' उलट तीन म्हणजे, 'बांधला.' पूल उभा राहत होता तेव्हा एका दुपारी जेवता जेवता शिदूने न बघताच ठोके दिले, आणि त्याचा जोडीदार पोशा मनोऱ्यावरून थेट खाडीत गेला. तेव्हापासून हे ठोके ऐकू आले की शिदू कानांवर हात ठेवायचा.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. तो उठला, वरून लोंबणारा दोर कड्यात ओवला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मगच तीन ठोके दिले.

"अहो काका, वर कुणीच नाहीये. कुणासाठी बांधताय?" इंजिनिअर पोरगी हसली.

तेवढ्यात सैल दोर एका माणसाच्या वजनाने ताठ झाला.