शनिवारचा दिवा

अथेन्सच्या त्या गॅलरीत भिंतभर चेहरे होते. घरचं कुणी फिरकलंच नाही म्हणून भाड्याची तीन वर्षं संपल्यावर रिकाम्या केलेल्या कबरींवरचे हे फोटो, एका कलावंताने दफनभूमीच्या कचऱ्यातून वेचलेले. दुसऱ्याच रांगेत एवान्थियाला आपल्या आईचा फोटो दिसला. ती फोटोला पाठ लावून उभी राहिली.

मेलबर्नहून कालच आलेली धाकटी स्मारो एकेक चेहरा बघत जवळ येत होती.

"सरक की गं ताई. भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

"चल ना, कॉफी पिऊ. पाय दुखतायत माझे."

स्मारोने हसत तिला बाजूला ओढलं. मागे आईचा फोटो होता.

"ताई, दर शनिवारी मला फोनवर दाखवतेस, तो दिवा मग कुणाच्या कबरीवरचा?"